चुनाभट्ट्यांचा फेरा

परवा नागपुरात, सक्करदऱ्याच्या बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा दिसल्या. ओल्या पोत्यावर ढीग घातलेला, त्यावर सकाळचं दव अजून तसंच. भाजीवाली म्हणाली, "घ्या ना काकू, दाने पाहा कसे भरले." मी वाकून शेंगा निवडायला लागले. हे मागे पिशवी धरून उभे होते. त्यांनी एक शेंग उचलली, नखाने सोलली, दाणा नाकाशी नेला. बराच वेळ आत कुठेतरी शोधाशोध चालली असावी तसा चेहरा केला, आणि मग अगदी स्पष्ट म्हणाले, "एस्तर."

तुरीचे सोले नाही, भाजी नाही, हिवाळा नाही. इतकी वर्षं संसार केलेल्या बायकोचं नाव तर नाहीच. एस्तर.

"हो, जाऊ आता तिकडे," म्हणत मी शेंगा पिशवीत ओतल्या. लोकांचा हिवाळा हुरड्याने सुरू होत असेल, संत्र्यांनी होत असेल. काही वर्षांपासून माझा हा असा सुरू होतो.

त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल सांगायचं तर आधी यांच्या आवाजाबद्दल सांगायला पाहिजे. हे हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. दिवसभर मशीनच्या घरघरीवर बोलायचं, म्हणून घरीही तोच आवाज. मीठ मागितलं तरी शेजारी कळायचं. गणपतीच्या आरतीला यांचा आवाज लागला की बाकीचे आपोआप हळू व्हायचे. रिटायर झाल्यावर तर बोलायला दिवसच मोकळा होता. पेपर मोठ्याने वाचायचे, टीव्हीवरच्या माणसांशी भांडायचे, फोनवर बोलताना अंगणात जायचे आणि तरी स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं.

आणि एका सकाळी, पाऊस सरत आला होता तेव्हा, चहाचा कप यांच्या हातून सुटला. मी म्हटलं, "काय झालं?" तर तोंड हललं, आवाज निघाला, पण शब्द नव्हता.

दवाखान्यातून घरी आणलं तोवर झटक्याने गेलेला उजवा पाय बराच परत आला होता. हातही हळूहळू येईल, डॉक्टर म्हणाले. बोलणं मात्र गेलं. सगळं समजायचं, डोळ्यांतून दिसायचं की समजतंय, पण ओठांवर एकच शब्द उरला होता. हो. पाणी पाहिजे? हो. नको का? हो. दुखतंय? हो. बरं वाटतंय? हो. बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चित्रं दिली होती. मी रोज सकाळ-संध्याकाळ समोर बसायची. हे काय? गाय. म्हणा, गाय. हे माझ्या ओठांकडे बघायचे, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी दमून म्हणायचे, "हो." एकदा तर चित्रांचा गठ्ठा यांनी डाव्या हाताने उचलला, सरळ केला आणि उशीखाली ठेवून दिला. ओरडले असते, फेकला असता तर बरं वाटलं असतं मला.

दिवाळी झाल्यावर दीर आले. यांचे धाकटे भाऊ, रामभाऊ. काटोल रस्त्याच्या आत त्यांची संत्र्याची बाग आहे, बागेतच घर. म्हणाले, "वहिनी, दादाले घेऊन चाला तिकडं. इथं चार भिंतीत काय होते? मोकळी हवा आहे, चालायले रस्ता आहे." त्यांची बायको कुंदा, माझी जाऊ, तिनेही फोनवर तेच सांगितलं. आम्ही गेलो.

तिथला फेरा रामभाऊंनीच दाखवला. बागेच्या फाटकातून निघायचं, कालव्याच्या काठाने जायचं, मग डावीकडे पळसांमधून पायवाट फुटते. त्या वाटेवर जुन्या चुनाभट्ट्या आहेत. दगडाच्या, गोल, दुरून पाहिलं तर कुणीतरी मोठमोठे रांजण अर्धे पुरून विसरून गेलंय असं वाटतं. इंग्रजांच्या वेळच्या. गावातले म्हातारे सांगतात की नागपूरच्या कितीतरी जुन्या इमारतींचा चुना इथून बैलगाड्यांनी जायचा. आता एकीच्या माथ्यावर पिंपळ उगवलाय, दुसरीच्या तोंडाशी बकऱ्या बसतात. भोवतालची माती अजून पांढुरकी आहे, पाऊस झाला की पायाला पिठासारखी लागते. भट्ट्या ओलांडल्या की थोडा चढ, आणि चढावर मिशनचं देऊळ. गावात त्याला चर्च कोणी म्हणत नाही. भट्ट्यांवर काम करणाऱ्या माणसांसाठी बांधलेलं, लहानसं, कौलारू, पांढऱ्या भिंती, बाहेर कडुनिंबाला टांगलेली घंटा. गावात चार-दोन ख्रिस्ती घरं उरली आहेत, त्यांचं. देवळावरून उतरलं की तुरीची शेतं, आणि शेतांमधून पुन्हा आपली बाग. सावकाश चाललं तर ऊन तापायच्या आत फेरा पुरा होतो.

सुरुवातीला तो फेरा आमच्या दोघांचा होता. हे काठी टेकत चालायचे, मी अर्धं पाऊल मागे. तुरीला फुलं होती, पिवळी, आणि त्यांच्यावर मधमाश्यांचा असा एकसुरी आवाज की वाटायचं शेतच पुटपुटतंय. बागेत अंबिया बहराच्या फळांचा तोडा चालू होता. संत्र्यांच्या सालीचा वास कपड्यांना, केसांना, चहालासुद्धा. मीच बोलायची. हे बघा धनेश, हे बघा बोरं पिकली. एकदा भट्टीच्या आत नेलं यांना. आत शिरलं की वर आभाळाचा गोल तुकडा दिसतो आणि आवाज घुमतो. मी म्हटलं, "अहो, ओरडा ना काहीतरी. कोणी नाही इथे." हे वर बघत राहिले. मग मीच ओरडले, "अहोऽ!" भट्टीने तेवढ्याच प्रेमाने मला परत हाक मारली, "अहोऽ!" माझ्याच आवाजात. मी हसले. हे नाही हसले.

त्याच भट्टीपाशी एका सकाळी दवाने ओल्या दगडावरून माझा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण घोटा वांग्यासारखा सुजला. कुंदाने हळद-चुन्याचा लेप घातला आणि खाटेवर बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळे बागेत होते. मी ओसरीवरच्या खाटेवर पडून होते, डोळा लागला. उठून पाहते तर हे नाहीत. काठी नाही, चपला नाहीत.

तो वेळ कसा गेला ते मला माहीत. रामभाऊ शोधायला निघणार एवढ्यात फाटकातून हे आले, आणि बरोबर एक बाई. माझ्याच वयाची, असली तर थोडी मोठी. पांढरं पातळ, त्यावर पुरुषी तपकिरी स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट.

"हे भाऊ तुमचेच का वं?" तिने मला विचारलं. "भट्टीपाशी बसून होते एकटेच. मी म्हटलं, चला, देऊळ पाहा माझं. मग म्हटलं, आता घरी पोचवून देतो."

ही एस्तरबाई. नागपूरला सदरच्या एका शाळेत जन्मभर गाणं शिकवलं, लग्न केलं नाही, रिटायर झाल्यावर वडिलांच्या घरी गावात परत आली. देवळाची किल्ली तिच्याकडे. रोज सकाळी उघडायची, झाडायची, आणि कोणी असो-नसो, पेटी काढून भजनं म्हणायची. मराठीच, अभंगासारख्या चालीची. मी तिचे आभार मानले. मनापासून मानले. यांच्या मुठीत बोरं होती. त्यातलं एकही यांनी मला दिलं नाही, हेही मी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज फाटकाशी यायची. "चलता का भाऊ?" हे तयारच असायचे. मी पडल्या पडल्या बघायची. माझ्या हाताने केस विंचरून घेणारा हा माणूस आता आरशापुढे उभा राहून डाव्या हाताने भांग पाडत होता. स्वेटर स्वतः निवडत होता. निघताना वळून माझ्याकडे बघायचे, नाही असं नाही. पण उशीर होत असलेला माणूस बघतो तसं. आणि परत यायचे तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी असायचं. मी विचारायची, "काय केलं आज?"

"हो," म्हणायचे.

ती यांना भाऊ म्हणायची. सगळ्या गावादेखत, उजेडात घेऊन जायची आणि आणून सोडायची. मनात आणण्यासारखं काही नव्हतं, आणि तसलं काही माझ्या मनात आलंही नाही. पण जळायला तेवढंच कारण लागतं असं ज्यांना वाटतं, ते कधी नीट जळलेले नाहीत. आपल्या माणसाला आपण सोडून दुसऱ्या कुणामुळे बरं वाटतंय, एवढं पुरतं. आपल्याकडे हेवा हा शब्द तसा सभ्य आहे. "हेवा वाटावा असं घर आहे तुमचं," असं आपण तोंडावर सांगू शकतो. मत्सर पोथीतला. माझं जे होतं ते या दोन्हींत बसत नव्हतं. ते नुसतं पोटात होतं. दुपारी कुंदाने केलेली सोल्यांची, ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, जिच्यासाठी मी दरवर्षी वाट बघायची, ती ताटात तशीच उरायची.

मग एक दिवस कुंदा बागेतून धावत आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "ताई, ऐकलं का वं? दादा गाऊन राहिले देवळात! गड्यानं ऐकलं. शब्द म्हणून राहिले म्हणते, पुरे!"

मी रडले. ते पहिले अश्रू आनंदाचेच होते, हे मी देवासमोर सांगीन. पण डोळे पुसून होईपर्यंत दुसरं काहीतरी वर आलं होतं. मी चित्रं घेऊन बसले होते. मी रोज हाका मारत होते. आणि हे गायले ते तिच्यापुढे.

घोटा अजून दुखत होता. तरी दुसऱ्या सकाळी, हे गेल्यावर, मी भिंतीला धरून उठले. फेरा उलटा घेतला, तुरीच्या शेतांकडून, म्हणजे वाटेत कोणी भेटायला नको. धुकं होतं. तुरीच्या पानांवरचं पाणी लागून लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालं. देवळाच्या मागच्या बाजूला पोचले आणि थांबले. खिडकीला काच नव्हती, नुसते गज.

आत पेटी वाजत होती. एस्तरबाईचा आवाज, वयाने थोडा चिरलेला पण पक्का. आणि तिच्या आवाजाखाली, भिंतीच्या पायासारखा, यांचा आवाज. जाड, खरखरीत, मागे-मागे येणारा, पण यांचाच. ओळ तिने सुरू केली की हे तिच्या शेवटच्या शब्दांवर चढायचे आणि तिच्याबरोबर उतरायचे. प्रभू. दया. माझ्या. खरे शब्द. मांडीवर धरलेला ठेकाही ऐकू येत होता. पुढच्या बाकावर बसलेल्या यांची मला फक्त पाठ दिसत होती, आणि पाठीवरून कळत होतं की हा माणूस सुखात आहे.

कितीतरी दिवस ज्या आवाजासाठी जीव तळमळला, तो ऐकत मी उभी होते, आणि मला आत जाता येत नव्हतं. पथ्याचं जेवण माझं, हातापायाला तेल माझं, औषधं माझी, आवाज तिचा. गजाला धरलेले हात गार पडले तेव्हा मी वळले. भट्ट्यांच्या वाटेने एकटीच परत आले. त्या दिवशी दुपारी मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही. घरात दोन मुके जेवले.

संध्याकाळी मात्र राहवलं नाही. गाण्याने येतं ना, मग मीही गाते. माझा गळा असा की माहेरी आरतीला मला फक्त टाळ्या वाजवायला उभी करत. तरी ताट वाढलं, समोर बसले आणि आरतीच्या चालीवर सुरू केलं, "चला हो जेवायला, चला हो जेवायला." ओसरीवर रामभाऊ होते, तरी लाज सोडून दोनदा म्हटलं. हे घास हातात धरून बघत राहिले. चेहरा आक्रसला. मला वाटलं रडतात. तर खांदे हलायला लागले. हसत होते, पोट धरून, आजारपणानंतर पहिल्यांदा. आणि मग श्वास घेत, ओठ जुळवत, मोठ्या कष्टाने म्हणाले, "बे... सूर."

ओसरीवरून रामभाऊंचं हसणं फुटलं. मीही हसले. हसता हसता ताटावर डोळे गळले. माझ्यासाठी म्हणून आलेला पहिला शब्द, आणि तो हा.

पण त्याने जळणं थांबलं नाही. उलट आता रोज सकाळी मला वाटे, काल माझ्यासाठी एक शब्द आला, आज तिच्यासाठी किती येतील? पाय बरा झाल्यावर मी पुन्हा यांच्याबरोबर निघायला लागले. देवळापर्यंत जायची आणि बाहेर कडुनिंबाखाली बसायची. आत या म्हणून एस्तरबाई रोज सांगायची, मी रोज काहीतरी कारण काढायची.

एकदा भट्ट्यांपाशी हे पुढे निघून गेले होते आणि आम्ही दोघीच मागे होतो. एस्तरबाई बोरं वेचता वेचता थांबली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुमाले माहा राग येते ना वं?"

मी वाकून एक बोर उचललं.

"खरं सांगा. मले शाळेतल्या पोरीयचे तोंडं वाचायची सवय आहे."

"येतो," मी म्हटलं. एकदा तोंड उघडल्यावर पुढचं आपोआप आलं. "जळते मी तुमच्यावर. तुम्ही चांगलं केलं तरी जळते. चांगलं केलं म्हणूनच जास्त."

मला वाटलं, आता ही बोरं टाकून चालू लागेल. ती हसली. आधी हळू, मग मोठ्याने, इतकी की पुढे हे थांबून मागे बघायला लागले.

"जळा ना वं, जळा!" ती म्हणाली. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. "जनमभर मीच लोकायवर जळत आली. हिचं घर, तिचे लेकरं, मैत्रिणीचा नवरा. वर्गात पोरी लग्नाच्या पत्रिका आणून द्यायच्या, मी हसून घ्यायची. साठी उलटली माही, अन् माह्यावर जळनारी तुमी पयली भेटली. मले तर आज कुनीतरी झाल्यासारखं वाटून राहिलं."

मला हसू आलं आणि रागही आला, कारण आता धड जळण्याचीही सोय राहिली नव्हती. तिने ओंजळीतली अर्धी बोरं माझ्या हातात घातली. म्हणाली, "उद्या आत येऊन बसा. अन् त्याहिले शिकवून राहिली ते जादू नाही. बोलायची वाट बंद झाली तरी गान्याची उघडी राहते कोनाकोनाची. तुमच्या डॉक्टरले विचारा."

विचारलं नंतर, तिने सांगितलं ते खरं होतं. पण त्या आधीच मी आत गेले होते. मागच्या बाकावर, भिंतीला टेकून. गायची नाही, नुसती बसायची. चुन्याच्या भिंतींचा गार वास, मेणबत्तीचा वास, पेटीच्या भात्याचा श्वास. पुढच्या बाकावर हे, पेटीवर ती. बघायची आणि जळायची. पण आता आत बसून.

नाताळला देवळात सगळं गाव आलं होतं. यांनी चारचौघांत एक अख्खं भजन म्हटलं, अडखळत, दोनदा चुकत. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे एस्तरबाईभोवती जमले. "मॅडम, कमाल केली तुम्ही." कोणी माझ्याकडे वळलं नाही. तेव्हा तीच गर्दी बाजूला सारून मागच्या बाकापाशी आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मी सकाळचा तासभर शिकवते. दिवसभर यायनं सांभाळलं." ती असं बोलली नसती तर तिच्यावर रागावणं किती सोपं झालं असतं.

आता हे थोडंफार बोलतात. तुटक, शब्द सापडला नाही तर गुणगुणून त्याच्यापर्यंत पोचतात. "पाणी दे" हे यांचं वाक्य अजूनही एका भजनाच्या चालीत येतं. रविवारी एस्तरबाईचा फोन येतो. फोन कानाला लावून हे अंगणात जातात, जुन्या सवयीने, आणि मी आत भांडी घासताना नळ बारीक करते. दर हिवाळ्याला आम्ही तिकडे जातो. तिचे गुडघे आता दुखतात, चढ चढताना ती एक हात यांच्या खांद्यावर ठेवते आणि एक माझ्या. आमचा फेरा तिघांचा झालाय. मत्सर गेला का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, नाही. घरात एखादा म्हातारा नातेवाईक राहायला यावा तसा तो राहायला आलाय. त्याचं खाणंपिणं बघावं लागतं, इतकंच.

उद्या सकाळी आम्ही निघतोय. काल डिंकाचे लाडू केले तिच्या गुडघ्यांसाठी. पाक थोडा कमी पडला, काही लाडू वळताना फुटले. चांगले गोल लाडू मी घरच्या बरणीत ठेवले आणि मोडके तेवढे तिच्या डब्यात भरले. वरून कागद घातला, झाकण लावलं. कुणाला काय कळणार होतं?

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यापाशी हे उभे. डबा उघडा, बरणी उघडी. डाव्या हाताने एकेक मोडका लाडू डब्यातून काढून ताटलीत ठेवत होते आणि बरणीतला एकेक गोल लाडू उचलून डब्यात नीट रचत होते. उजवा हात झाकण धरून होता. मी दारातच थांबले. यांनी मान वर करून पाहिलं, रागाने नाही. डबा भरल्यावर झाकण लावलं. ताटलीतला एक मोडका लाडू उचलला, अर्धा तोंडात टाकला, आणि उरलेला अर्धा माझ्यापुढे धरला.

मी घेतला. गोड झाला होता, काय करणार.